उशाशी काय ठेवावे?

दीर्घ आजाराच्या उत्तरार्धात घरी वापरायच्या साधनांविषयी मागील अंकात आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत. बरा न होणारा आजार असलेल्या माणसाचा त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या उपचारांना मराठीत कोणी परिहार सेवा म्हणतात, तर कोणी उपशामक शुश्रूषा. दोन्ही शब्द अजून कोणाच्या तोंडी रुळलेले नाहीत आणि रुग्णालयाच्या रांगेत सगळे ‘पॅलिएटिव्ह’ असेच म्हणतात, म्हणून येथेही तोच शब्द वापरला आहे.

प्रश्न : ताई, माझे पती 58 वर्षांचे असून माध्यमिक शाळेत शिक्षक होते. वर्षभरापूर्वी त्यांना मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे स्नायूंची ताकद हळूहळू घालवणारा मज्जाविकार, असल्याचे निदान झाले. हातांतली ताकद जवळजवळ गेली आहे आणि दोन महिन्यांपासून बोलणे जड झाले आहे. मला कळते, परंतु बाहेरच्या माणसाला कळत नाही. पुण्यात नोकरी करणारा मुलगा डोळ्यांच्या हालचालीवर चालणारा संगणक घ्यायचा म्हणतो. त्याची किंमत काही लाखांत आहे. घ्यावा का?
— एक भगिनी, गडहिंग्लज

उत्तर : मुलाला सांगावे की खरेदीचा निर्णय आठ-पंधरा दिवस लांबला तरी बिघडणार नाही, मात्र एक काम उद्यावर टाकता येणार नाही. आपल्या पतीचा आवाज अजून ओळखू येण्याजोगा आहे, तोवर तो ध्वनिमुद्रित करून ठेवावा. त्यासाठी साधा मोबाईल पुरतो. सकाळी, विश्रांती झालेली असताना, पंखा बंद करून आणि फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरून, रोज दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही, अशा बेताने हे काम करावे. ‘पाणी दे’, ‘कूस बदल’, ‘दिवा घालव’ ही कामाची वाक्ये तर घ्यावीतच, पण ती पुढे यंत्राच्या आवाजातही चालून जातात. यंत्राला जमणार नाही ते आधी घ्यावे. मुलाला ते ज्या लाडक्या नावाने हाक मारतात ती हाक, वर्गात शिरताना म्हणत असतील ते वाक्य, आपल्यावर रागावतानाचा सूर, नातवंडांसाठी एखादी गोष्ट. प्रत्येक वाक्य वेगळ्या फाईलमध्ये ठेवून तिला त्याच वाक्याचे नाव दिले, तर पुढे शोधाशोध होत नाही. हे काम बोलणे पूर्ण थांबल्यावर सुचते, अशी घरे मी बरीच पाहिली आहेत, म्हणून इतक्या आग्रहाने लिहिते आहे.

दुसरी गोष्ट कागदाची. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचे नाव या आजारासंदर्भात सर्वांना ठाऊक असते आणि त्यांचा बोलणारा संगणकही. 1985 साली न्यूमोनियामुळे त्यांच्या श्वासनलिकेवर शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्यांचा आवाज कायमचा गेला. त्यानंतर काही काळ ते कसे बोलत होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. समोरचा माणूस अक्षरांच्या तक्त्यावर बोट फिरवीत असे आणि योग्य अक्षर आले की हॉकिंग भुवया उंचावत. संगणक त्यानंतर आला. तो आल्यावरही वीज गेली, बॅटरी उतरली किंवा माणूस दमला, तर उपयोगी पडतो तो तक्ताच.

मराठीला या बाबतीत एक सोय आयती मिळाली आहे. आपली वर्णमाला वर्गांत बांधलेली असल्याने तक्ता वेगळा रचावा लागत नाही. पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत एका ओळीत स्वर, मग क, च, ट, त, प यांच्या पाच ओळी, सातव्या ओळीत य र ल व, आठव्या ओळीत श ष स ह ळ, आणि कडेला ‘हो’, ‘नाही’, ‘थांब’, ‘पुन्हा’, ‘चुकलं’ हे शब्द लिहावेत. विचारणाऱ्याने आधी केवळ ओळींची नावे घ्यावीत, ‘क? च? ट?’, आणि खूण मिळाली की त्या ओळीतील अक्षरे एकेक करून वाचावीत. काना-मात्रा आणि जोडाक्षरे विचारूच नयेत. प आणि ठ मिळाले की ‘पाठ’, त-ह-न मिळाले की ‘तहान’, हे घरच्या माणसाला आपोआप कळते. होकाराची खूण म्हणून डोळे मिचकावणे बहुतेकांना सुचते, परंतु डोळे आपसूकही मिचकतात आणि गोंधळ होतो. त्याऐवजी नजर वर छताकडे नेणे ही खूण अधिक भरवशाची असते. आपले पती शिक्षक आहेत, तेव्हा तक्ता कसा असावा हे त्यांनाच ठरवू द्यावे, आणि बोलणे शिल्लक आहे तोवरच त्याचा सराव सुरू करावा.

कोल्हापूरजवळ करवीर तालुक्यातील एका घरी मी असाच तक्ता घेऊन गेले होते. अंथरुणावरील शेतकरी सकाळपासून अस्वस्थ होते आणि घरातील चारही माणसे आळीपाळीने विचारत होती, ‘दुखतंय काय? पाणी पाहिजे? लघवीला झालंय?’ आम्ही तक्ता धरला. पहिले अक्षर म आले, दुसरे ह, तिसरे स. सून म्हणाली, ‘मावशी? मावशीला बोलवायचं?’ त्यांनी डोळे घट्ट मिटले. पुढे व आणि य मिळाले, तेव्हा दाराशी उभा असलेला धाकटा मुलगा हसला आणि म्हणाला, ‘म्हैस व्याली का विचारतायत.’ म्हैस पहाटेच व्याली होती आणि ते सांगायचे कोणाच्या ध्यानातच राहिले नव्हते. तेव्हापासून मी घरच्यांना सांगते की तक्त्यावर पहिला प्रश्न दुखण्याचा नसावा. आजारी माणसाला दुखण्याखेरीज बोलायचे पुष्कळ असते.

आता संगणकाविषयी. या आजारात डोळ्यांच्या स्नायूंची हालचाल बहुधा उशिरापर्यंत टिकते, त्यामुळे नजरेवर चालणारे साधन तत्त्वतः योग्यच आहे. तरीही लाखांचे यंत्र घेण्यापूर्वी हाताशी असलेला मोबाईल तपासून पाहावा. अँड्रॉईड फोनवर ‘लुक टू स्पीक’ नावाचे गूगलचे मोफत ॲप असून नजर डावी-उजवीकडे नेऊन आधी लिहून ठेवलेल्या वाक्यांतून हवे ते वाक्य निवडता येते. आयफोनमध्ये 2024 मधील आयओएस 18 पासून नजरेने फोन चालवण्याची सोय आली आहे. एखादे बोट, गाल किंवा भुवई यांपैकी काहीही हलत असेल तर त्या ठिकाणी एक बटण बसवून फोनच्या ‘स्विच ॲक्सेस’ सुविधेने काम भागते. हॉकिंग स्वतः अखेरच्या वर्षांत गालाच्या स्नायूने संगणक चालवीत होते. फोनवर टंकलेला मराठी मजकूर मराठीतच मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय अँड्रॉईड फोनमध्ये उपलब्ध आहे. या साधनांचा महिनाभर उपयोग झाला आणि त्यांच्या मर्यादा आपल्या पतींनाच जाचू लागल्या, तर मोठे यंत्र जरूर घ्यावे. मात्र ते आधी काही दिवस वापरून पाहण्याची अट घालावी, कारण खिडकीचा उजेड चेहऱ्यावर आला, चष्म्यावर चकाकी आली किंवा मान थोडी कलली तरी नजर पकडली जात नाही, आणि संध्याकाळी डोळे थकतात ते वेगळेच.

प्रश्न : आईला (वय 67) कर्करोग असून ती तीन महिने अंथरुणावर आहे. आम्ही महागाचा एअर बेड आणला, तरी माकडहाडावर जखम झाली. गादी सदोष आहे का? जखमेला वासही येऊ लागला आहे.
— इचलकरंजी

उत्तर : गादी सदोष असू शकते, पण त्याआधी ती कशी अंथरली आहे हे पाहावे. आपल्याकडे एअर बेड गार आणि गुळगुळीत लागतो म्हणून त्यावर वाकळ घालतात, वाकळीवर प्लास्टिक, प्लास्टिकवर चादर, आणि चादरीवर पुन्हा दुपटे. या गादीचे कप्पे आळीपाळीने फुगतात आणि बसतात, त्यामुळे शरीराच्या एकाच जागी दाब राहत नाही. मध्ये चार थर आले की तो खेळच थांबतो आणि आई प्रत्यक्षात वाकळीवर झोपलेली असते. नेहमीची गादी खाली, तिच्यावर एअर बेड, त्यावर एकच सैल सुती चादर, एवढेच असावे.

मग हाताने तपासावे. आई पाठीवर निजलेली असताना तळहात वर करून एअर बेडच्या खाली, बरोबर माकडहाडाच्या जागी सरकवावा. आपला हात आणि तिचे हाड यांमध्ये निदान इंचभर फुगीर हवा जाणवली पाहिजे. हाड थेट हाताला लागत असेल तर पंपाचा दाब कमी पडतो आहे किंवा कुठेतरी नळी निसटली आहे. माझ्या मामांसाठी आम्ही एका दुकानातून असा बेड भाड्याने आणला होता. दुकानात तो छान फुगला, घरी पहाटे तीन वाजता सपाट झाला आणि सकाळी मालकाने ‘लाईट गेली असेल’ असे सांगून हात झटकले. लाईट गेली नव्हती. तेव्हापासून बेड आणल्यावर त्यावर रुग्णाला निजवण्यापूर्वी तो पूर्ण एक दिवस-रात्र चालू ठेवून पाहावा, असे मी सगळ्यांना सांगते.

गादी उत्तम असली तरी कूस बदलणे सुटत नाही. साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी असा संकेत आहे आणि चांगल्या एअर बेडवर, त्वचा ठीक असेल तर, हे अंतर डॉक्टरांच्या किंवा परिचारिकेच्या सल्ल्याने वाढवता येते. पूर्ण कुशीवर वळवले की खुब्याच्या हाडावर भार येतो, म्हणून पाठीमागे उशी लावून अर्धवट, तिरपे वळवावे. टाचा अधांतरी राहतील अशी उशी पोटऱ्यांखाली द्यावी. आईला ओढून वर सरकवू नये, कारण ओढताना कातडी हाडावर घासते आणि जखमेचे निम्मे कारण तेच असते. जुन्या नऊवारी लुगड्याची दुहेरी घडी तिच्या खांद्यांपासून मांड्यांपर्यंत अंथरावी, दोघांनी दोन बाजूंनी कडा गुंडाळून धराव्यात आणि उचलून सरकवावे. दुकानात यासाठी घसरपट्टीसारखे वेगळे कापड मिळते, परंतु लुगड्याइतके मऊ आणि धुवायला सोपे काही मी पाहिलेले नाही. लाल झालेल्या जागेवर तेल लावून चोळू नये. जखमेभोवती रबरी ट्यूब किंवा चकतीच्या आकाराची उशी ठेवू नये, कारण तिच्या कडांच्या दाबाने आतला रक्तपुरवठा आणखी घटतो. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, म्हणून हाताच्या पाठीने स्पर्श करून ती जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागते का, हे रोज पाहावे.

वासासाठी जखमेवर मेट्रोनिडॅझोल हे औषध वापरतात आणि त्याचा गुण बहुधा काही दिवसांत दिसतो. ते कशा स्वरूपात आणि किती वापरायचे हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. खोलीत उदबत्ती लावून वास झाकू नये. आईला उदबत्तीचाही वास येतो आणि ती का लावली आहे हेही कळते.

आणखी एक सांगणे अवघड आहे, तरी सांगते. अखेरच्या दिवसांत, जेव्हा कूस बदलण्यानेच आई कण्हू लागेल, तेव्हा घड्याळ बाजूला ठेवावे. त्या टप्प्यावर काही जखमा कितीही काळजी घेतली तरी होतात आणि त्यात लेकीचा हलगर्जीपणा नसतो.

प्रश्न : वडिलांना फुप्फुसाचा जुना आजार आहे. घरी ऑक्सिजन काँसंट्रेटर असतो. आमचे गाव पुराच्या पट्ट्यात येते. 2019 आणि 2021 साली घर पाण्यात होते, तेव्हा वडील धडधाकट होते. आता पावसाळ्यात काय करावे? शिवाय मी दर दहा मिनिटांनी ऑक्सिमीटर लावतो आणि आकडा 90 च्या खाली गेला की घाबरून मशीनचा वेग वाढवतो. हे बरोबर आहे का?
— प्रयाग चिखली परिसर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचे उत्तर आजच लागू होते. वेग वाढवू नये. फुप्फुसाच्या जुन्या आजारात, म्हणजे सीओपीडीमध्ये, डॉक्टर सामान्यतः रक्तातील ऑक्सिजनचे 88 ते 92 टक्के एवढेच प्रमाण गाठण्याचे ठरवतात. त्याहून जास्त ऑक्सिजन दिल्यास अशा रुग्णाच्या शरीरात कार्बन डायऑक्साईड साठून गुंगी येऊ शकते. आपल्या वडिलांसाठी ठरलेला आकडा आणि प्रवाह डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेऊन तो मशीनवर चिकटवावा. ऑक्सिमीटर दिवसातून दोन-तीनदा पुरे. थंड बोटांवर तो चुकीचे वाचन देतो, आणि मुलगा दर दहा मिनिटांनी बोट पकडून चेहरा पाडतो, तेव्हा बापाला धाप लागतेच. धाप आणि ऑक्सिजनचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकडा ठीक असूनही धाप लागते तेव्हा चेहऱ्यावर, विशेषतः नाक आणि गालांवर, वाऱ्याची झुळूक घेतल्याने बरे वाटते. हातात धरायचा, बॅटरीवरचा छोटा पंखा यासाठी पुरतो. पुढ्यात टेबलावर दोन उशा ठेवून त्यांवर हात आणि डोके टेकवून बसवावे. याने भागले नाही तर अगदी अल्प मात्रेतील मॉर्फिन धापेवर देतात आणि पॅलिएटिव्ह केअरमध्ये ते नेहमीचे औषध आहे. मॉर्फिन म्हटले की घरचे लोक दचकतात. अमली पदार्थविरोधी कायद्यात 2014 साली दुरुस्ती होऊन रुग्णालयांना ते ठेवणे सुलभ झाले आहे. डॉक्टरांपाशी विषय आपणच काढावा.

आता पुराचे. काँसंट्रेटर हवेतूनच ऑक्सिजन वेगळा करतो, त्यामुळे त्याला सिलिंडर भरावा लागत नाही, परंतु वीज अखंड लागते. पाच लिटरचे मशीन साधारण 350 वॅट खाते, म्हणजे दिवसाला आठ युनिटांहून अधिक. घरगुती इन्व्हर्टरची 150 अँपिअर-तासांची बॅटरी चांगल्या स्थितीत असली तरी त्यावर ते तीन-साडेतीन तासच चालेल, आणि तेही पंखे-दिवे बंद ठेवून. पुरात वीज तीन तासांसाठी जात नाही. म्हणून ‘बी’ प्रकारचा भरलेला सिलिंडर आणि त्याचा रेग्युलेटर जूनच्या आरंभीच घरात असावा. त्यात सुमारे 1500 लिटर वायू असतो. मिनिटाला दोन लिटर प्रवाह असेल तर तो बारा तास पुरेल, एक लिटर असेल तर दिवसभर. रेग्युलेटर बसवण्याचा सराव उन्हाळ्यातच करून ठेवावा, कारण कंदिलाच्या उजेडात पान्हा कुठे लावायचा हे कोणालाच सुचत नाही. तोही कंदील नव्हे, टॉर्च. ऑक्सिजन चालू असताना खोलीत उघडी ज्योत नको. देव्हाऱ्यातील समई आणि चूलही दूरच हवी, आणि नाकाला व्हॅसलिन लावू नये.

तरीही सिलिंडर हा घर सोडेपर्यंतचा आधार समजावा, घरात टिकून राहण्याचा नव्हे. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट धरतात, आणि पावसाळ्यात हे आकडे आपल्याकडे लहान मुलालाही पाठ असतात. गावातील इतर मंडळी 43 ची वाट पाहतात, आपण पाहू नये. बंधाऱ्याची पातळी 39 च्या जवळ येऊ लागली की त्याच दिवशी, रस्ता कोरडा असताना, वडिलांना शहरातील उंचावरच्या नातेवाइकांकडे हलवावे. नावेत सिलिंडर, मशीन आणि धाप लागलेला माणूस एकत्र नेणे किती कठीण असते, हे मागच्या दोन पुरांत बचाव पथकांनी पाहिले आहे. कोणाकडे जायचे, मशीन कोणत्या गाडीतून न्यायचे आणि त्या घरी प्लग जवळ आहे का, हे मे महिन्यातच ठरवून ठेवावे. तालुक्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात आणि ग्रामपंचायतीत ‘घरात ऑक्सिजनवरील रुग्ण आहे’ अशी नोंद लेखी द्यावी.

प्रश्न : कॉट, व्हीलचेअर, कमोड खुर्ची वगैरे साहित्य विकत घ्यावे की भाड्याने? सरकारी मदत मिळते का?
— राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : भाड्यानेच. आजार पुढे सरकतो तसे साधन बदलते, आणि आज घेतलेला वॉकर दोन महिन्यांनी कपडे वाळत घालायला वापरला जातो. शहरात अनेक सामाजिक संस्था आणि मंडळे अनामत रक्कम घेऊन रुग्णोपयोगी साहित्य देतात. आधी तेथे चौकशी करावी, मग दुकानात. अपवाद एवढाच की कमोड खुर्चीचे भांडे, लघवीचे भांडे आणि नाकातील ऑक्सिजनची नळी नवीच घ्यावी. कॉट घेताना डोक्याकडची बाजू आणि गुडघे दोन्ही वर होतात तो प्रकार, म्हणजे पूर्ण फाऊलर, मागावा. केवळ डोके वर केले की माणूस पायथ्याकडे घसरतो, म्हणून आधी गुडघ्यांची बाजू थोडी उचलून मग डोके उचलायचे असते.

सरकारी मदतीपैकी राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना साधनांसाठी एकरकमी 3,000 रुपये बँक खात्यात देण्याची तरतूद आहे. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना 2017 पासून आहे आणि तिच्यात अल्प उत्पन्न गटातील ज्येष्ठांना वस्तूच मिळतात, त्याही शिबिरांतून. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सनसारखे काही जुनाट मज्जाविकारही समाविष्ट आहेत, त्यामुळे अशा रुग्णाला दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते. या सर्वांना वेळ लागतो आणि या आजारांत वेळच कमी असतो, म्हणून अर्ज करावा, पण त्यावर विसंबून कॉट आणायचे थांबू नये.

जाता जाता एक वस्तू सुचवते, जी कोणी विचारली नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानात काही शे रुपयांना दाराची बिनतारी घंटा मिळते. तिचे बटण रुग्णाच्या हाताशी कॉटच्या दांडीला बांधावे आणि घंटा स्वयंपाकघरात किंवा ज्या खोलीत रात्री आपण झोपतो तेथे लावावी. हाक मारण्याइतका आवाज उरलेला नसतो तेव्हा, आणि सून जागी आहे की नाही या विचाराने सासरे रात्रभर लघवी धरून ठेवतात तेव्हा, या घंटेइतके उपयोगी साधन दुसरे नाही.

प्रश्न : मी स्वतः रुग्ण आहे, वय 72. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरला आहे. वेदनेसाठी दर तीन दिवसांनी बदलायची औषधाची पट्टी छातीवर लावतात आणि जास्त दुखले तर मॉर्फिनची गोळी घेतो. मुलांनी खोलीत सगळे सामान आणून ठेवले आहे, खोली नाही, दवाखाना वाटतो. मला त्यातले काही नको. तालमीच्या कट्ट्यावर संध्याकाळी तासभर बसायचे आहे. घरापासून दोन गल्ल्या अंतर आहे. मुले म्हणतात, आता घराबाहेर नको. आपण सांगा.
— मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : काका, आपले पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे. मुलांना माझ्या वतीने सांगावे की साधने त्या कट्ट्यासाठीच आणायची असतात.

एक अट मात्र आहे. पाठीच्या कण्यात आजार पसरलेला असेल तर खुर्चीत बसून धक्के सोसण्याजोगा कणा आहे का, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. पायांत अचानक अशक्तपणा किंवा बधिरता आली, लघवी अडली किंवा पाठीत पट्ट्यासारखी नवी वेदना सुरू झाली, तर कट्टा बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालयात जावे, कारण मज्जारज्जूवर दाब आला असेल तर प्रत्येक तास महत्त्वाचा असतो.

डॉक्टरांनी होकार दिला की खुर्ची निवडावी. छोट्या चाकांची, घडी घालून गाडीत ठेवायची खुर्ची रुग्णालयाच्या फरशीवर ठीक असते. पेठेतील गटारावरच्या फरश्या आणि गतिरोधक यांवरून न्यायला मागची चाके मोठी असलेलीच हवी. बसायची जागा आपल्या कमरेच्या दोन्ही बाजूंना बोटभर मोकळी राहील एवढीच रुंद असावी, नाहीतर अंग एका बाजूला कलते. त्यावर तीन-चार इंची जाड फोमची बैठक ठेवावी. उंबऱ्यासाठी शिवाजी उद्यमनगरातील कोणत्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी उतरण करून मिळेल. एक इंच उंचीला एक फूट लांबी हे प्रमाण धरावे, म्हणजे सहा इंची उंबऱ्याला सहा फूट. गल्ली अरुंद असेल आणि मागे धरायला दणकट माणूस असेल तर थोडी आखूडही चालते. उतरताना खुर्ची उलटी न्यावी, म्हणजे धरणारा खाली आणि आपली पाठ उताराकडे. तालमीत असा दणकट माणूस शोधावा लागणार नाही, असे मी धरून चालते.

निघण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास आधी, डॉक्टरांच्या संमतीने, जादा वेदनेसाठी ठेवलेली मॉर्फिनची गोळी घ्यावी, म्हणजे धक्क्यांच्या वेळी ती काम करीत असते. पट्टीविषयी एक सावधगिरी हवी. उष्णतेने तिच्यातील औषध शरीरात वेगाने उतरते आणि गुंगी येते. त्यामुळे पट्टीवर गरम पाण्याची पिशवी कधीही ठेवू नये आणि उन्हाळ्यात ऊन उतरल्याशिवाय निघू नये. झाकणाचे लघवीचे भांडे कापडी पिशवीत घालून खुर्चीला अडकवावे, म्हणजे त्यासाठी घाईने परतावे लागत नाही. पहिल्या दिवशी तासभर बसण्याचा हट्ट धरू नये, वीस मिनिटांत परत यावे आणि रात्री किती दुखते ते पाहून दुसऱ्या दिवसाचे ठरवावे.

कट्ट्यावर पोहोचल्यावर दोन्ही चाकांचे ब्रेक लावून घ्यावेत. आणि हाडे नाजूक झाली आहेत हे मित्रांना आधीच फोन करून सांगावे, कारण इतक्या दिवसांनी आपण दिसलात की त्यांतला कोणीतरी पाठीवर जोरात थाप मारणारच.